नावं हरवलेले आवाज

सोमवार, ३ मार्च

काय रे कागदा, विसरलास ना सगळं? आठ महिने रोज तुझ्याशी बोलले आणि आज म्हणे कोरा! मला अक्षर ओळखता येत नाही, पण माझी आठवण तुझ्यापेक्षा बरी.

तुझा दोष नाही म्हणा. तू नातीच्या लॅपटॉपमध्ये राहायचास आणि तो आज सकाळी गेला. टिकटिक, टिकटिक करत होता. मी म्हटलं, "आत पाल शिरली का गं?" ती पांढरीफटक! "आजी, हार्ड डिस्क मेली." चार वर्षं जमवलेले आवाज आत. नाटकाचं संगीत पुढच्या सोमवारी द्यायचंय, तिचं पहिलं मोठं काम.

"दुसरी प्रत असेल की!"

"आहे. त्याच डिस्कवर."

अगं बाई! घराची दुसरी किल्ली घरातच ठेवून दार ओढून घेतलंन कार्टीने!

आजपासून तू फोनमध्ये. मी बोलते, तो लिहितो, तारीखही तोच घालतो. मला वाचता येत नाही, म्हणजे माझी गुपितं माझ्यापासूनसुद्धा सुरक्षित.

मंगळवार, ४ मार्च

दुरुस्तीवाल्याकडे गेलो. दहा बारीक स्क्रू त्याने ओळीने कागदावर मांडले, तेव्हा जरा विश्वास बसला. नवीन डिस्क पत्त्यांच्या जोडाएवढी. आत काही फिरत नाही, आवाजही नाही. इतकी गप्प वस्तू मला आवडत नाही!

जुनीतून काही निघतं का विचारलं. "बघतो आजी. शब्द देत नाही."

बुधवार, ५ मार्च

नात दिवसभर लॅपटॉपमधली वाद्यं परत भरतेय. प्रत्येक वाद्य आधी पासवर्ड विचारतं! वाजायच्या आधी एवढा तोरा?

गुरुवार, ६ मार्च

आवाज निघाले! आम्ही दोघी नाचलो — म्हणजे ती नाचली, मी खुर्ची धरून डुलले.

मग तिने उघडून पाहिलं आणि मटकन खाली बसली. तीन हजार तुकडे, आणि एकालाही नाव नाही. तारखाही पुसलेल्या. नुसते आकडे. "ऐकल्याशिवाय काहीच कळणार नाही, आजी."

मला हसूच आलं. "मग आज तूही माझ्यासारखीच अडाणी! सरक तिकडे."

एक हेडफोन तिला, एक मला. मी सांगते, ती नाव लिहिते. "दार. स्वयंपाकघराचं, न्हाणीघराचं नव्हे." "तुझ्या बापाची शिंक." "पाऊस — छे, कढईतलं तेल."

"कसं गं ओळखतेस?"

"जन्मभर डबा हलवून साखर की मीठ ते सांगितलंय. त्याचं काय एवढं!"

शनिवार, ८ मार्च

एक तुकडा लागला. "वारा," मी म्हटलं. नातीने तो पुन्हा लावला.

"आजी... ही तू आहेस. दुपारी झोपलेली."

कागदा, मी उडालेच! नाटकातलं वादळ म्हणजे माझा श्वास! पलंगाशी माइक लावून ठेवायची म्हणे. "लाज नाही वाटली?" "तुझ्याइतकं कोण घोंघावतं, सांग!" हसून हसून डोळ्यांत पाणी.

असे सहा वारे निघाले. तिला सगळे सारखे. मला नाही. शेवटच्यात, श्वास संपता संपता, ओल्या वाळूवर पाय पडल्यासारखं काहीतरी चुरचुरत होतं. मागे माझ्या खोलीतलं नवं घड्याळ वाजत होतं. ते घेऊन महिना झाला. म्हणजे हा श्वास आत्ताचा.

माझ्या छातीत काहीतरी बिघडलंय. तिला बोलले नाही. बोलले असते तर काम टाकून मला दवाखान्यात उचलून नेलं असतं तिने. सोमवारपर्यंत तोंड बंद.

"कुठला वापरू?"

"जुना," म्हटलं. "तेव्हा गळा बरा होता."

रविवार, ९ मार्च

शेवटचा तुकडा संपला. जिना चढताना दोनदा थांबले. "दमलीस?" म्हणाली. "तुझी वादळं निवडून!" म्हटलं. उशांना टेकून बसल्या बसल्याच झोपले.

सोमवार, १० मार्च

सकाळी नात दारात. डोळे सुजलेले, हातात माझ्या चपला.

"जुना श्वास पुरला नाही, म्हणून नवा जोडायला गेले. आवाज मोठा केला. ऐकलं मी, आजी. तू शनिवारीच ऐकलंस ना?"

मला तोंड वर करवेना. "आणि तुझं काम?"

"चपला घाल."

काम पाठवलंच नाही पोरीने! मी जे सांभाळत होते तेच टाकून आली!

मंगळवार, ११ मार्च

हॉस्पिटल. हृदय थकलंय, फुप्फुसांत पाणी. डॉक्टरीणबाई म्हणाल्या, आणखी आठवडाभर उशीर झाला असता तर अवघड होतं. नाटकवाले गुरुवारपर्यंत थांबतायत, म्हणून नातीला घरी पिटाळलंय. आजचं पान तिला पाठवायला नर्सला सांगितलंय. फक्त आजचं!

ऐक गं. उकडलेले बटाटे घेऊन ये. मीठ नको, हा डॉक्टरांचा हुकूम. मिरपूड भरपूर, हा माझा. आणि दोघींना पुरतील एवढे आण — तू माझ्यासमोर बसून जेवायचंस.