पलटणीतल्या शिपायाची बायको

शारजा, ५ फेब्रुवारी १९९९, शुक्रवार

फोनवर आईने पुन्हा तेच विचारले — "तुज्या बापाचा काय समजला काय?"

एकाहत्तर वर्षांची आहे. हृदयाचे दुखणे आहे. आणि हातांत अजून हिरव्या बांगड्या!

इंग्रजांनी शारजाच्या तळावर पलटण उभारली, तिच्यात बाबा ट्रक चालवणारे शिपाई होते. मी सात वर्षांचा असताना ते गावाहून निघाले. अठ्ठावन्नमध्ये ओमानच्या डोंगरात लढाई झाली आणि पत्रे थांबली. जमातीने आईला इद्दतीला बसण्यास सांगितले — चार महिने दहा दिवसांचा विधवेचा शोक. तिने विचारले, "मयत कोणी बगितली?" कोणीच पाहिली नव्हती. बांगड्या राहिल्या. लग्नांतून बायका आजही टोमणे मारतात : "मरियमबी अजून नवरी!"

आज म्हणाली, "मराच्या आदी मना कळू दे. मी बायको हाय की बेवा?"

त्यानंतर माझ्या बायकोने, हव्वाबीने, फोन घेतला. नेहमीचेच — कौले, मुलीची परीक्षा, "तुम्ही कधी येताय?" मी म्हणालो, बघू.

९ फेब्रुवारी

आमच्या कार्यालयाच्या इमारतीचे मालक, म्हातारे अबू सालेम, आज आले होते. तेही तरुणपणी त्याच पलटणीत होते, हे मला आजच कळले! टेबलाच्या काचेखाली बाबांचा फोटो आहे — डोक्याला चौकड्यांचा रुमाल, मागे ट्रक. त्यांनी काचेवर बोट आपटले.

"ये तो दाऊद हिंदी है! तुम्हारा कौन?"

"वालिद."

त्यांनी माझ्याकडे पाहिले. मग म्हणाले, "रास अल खैमा जाओ. शमल गाव. दाऊद का घर पूछो, सब बताएगा. यल्ला, देर मत करो."

म्हणजे तेथे घर होते. म्हणजे कबरही तेथेच असणार.

११ फेब्रुवारी

मला बाबांचा चेहरा आठवत नाही. फोटो आठवतो.

१२ फेब्रुवारी, शुक्रवार

क्रमाने लिहितो.

खोलीतला सोबती गुणवंत याने आपली गाडी काढली. वाटेत अगरबत्ती घेतली, आणि कबरीवर घालण्यासाठी फुलांची चादर. "मुश्ताकभाई, इथले लोक कबरीवर फुलं घालू देतात का?" गुणवंतने विचारले. देत नाहीत. तरी घेतली. आईच्या वतीने.

शमलमध्ये दार एका बाईने उघडले. चाळिशीची. नाव सुमैय्या. मोडक्या हिंदीत मी विचारले, "दाऊद की कबर?"

ती आधी घाबरली. मग हसू लागली. मागे वळून अरबीत हाक मारली.

खजुरीखाली खाटेवर एक म्हातारा बसला होता. डोक्याला तोच चौकड्यांचा रुमाल.

मी म्हणालो, "मी मुश्ताक. मरियमबीचा."

 मग गंजलेल्या कोकणीत — "हिरीजवलचा आंबा हाय काय?"

"आहे."

त्यांनी सांगितले : लढाईत डोंगरात पाय मोडला. या घराने ठेवून घेतले. मग याच घरात निकाह. "परत याचा होता. येक साल गेला. मंग लाज वाटली." सुमैय्या त्यांची मुलगी. म्हणजे माझी बहीण!

"तू कदीपासून हिकडं?"

"बावीस वर्षं."

"घरी कोण?"

"बायको. मुलगी."

 निघताना त्यांनी माझे मनगट धरले. "मरियमला सांगू नको, मी जित्ता हाय."

चादर गाडीतच राहिली. परतीच्या वाटेवर सगळी गाडी मोगऱ्याच्या वासाने भरली होती. गुणवंतने काचा खाली केल्या.

१३ फेब्रुवारी

गुणवंत म्हणतो, "वारले म्हणून सांगा. म्हातारी इद्दत पाळेल, मोकळी होईल. कुणाचं काय बिघडतं?"

नाही! जिवंत माणसाला मृत दाखवणे मला जमणार नाही. शिवाय खरे तर आईच बरोबर होती. चाळीस वर्षे जमात चुकली, ती चुकली नाही. ती बायकोच आहे. बांगड्या तिच्या हक्काच्या आहेत. हे ऐकून तिला समाधान वाटेल.

१९ फेब्रुवारी, शुक्रवार

आईला सांगितले. सर्व.

"बरा हाय ना?"

"बरे आहेत."

"पोरा हायत?"

"एक मुलगी."

"बरा झाला," आई म्हणाली. आवाज स्वच्छ होता. मला हलके वाटले. जेवण चांगले गेले.

२० फेब्रुवारी

हव्वाबीचा फोन. तिकडून तिने आजवर कधी केला नव्हता.

आईने काल सायंकाळी बांगड्या उतरवल्या. फोडल्या नाहीत. हाताला साबण लावून एकेक काढली. शेजारणी धावत आल्या — "खबर आली? मयत झाली?"

"नाय," आई म्हणाली. "जित्ता हाय."

  मग हव्वाबी म्हणाली, "माझ्या हातात अजून आहेत."

आणि फोन ठेवला.