तीन फूट तीन इंच

बिस्मिल्लाहिर्रहमानिर्रहीम.

मी, शरीफ हुसेन परकार, वय वर्षे सत्तावन्न, मूळ राहणार हर्णे, तालुका दापोली, जिल्हा रत्नागिरी, गेली तेवीस वर्षे मुक्काम सीब, ओमान, धंदा तंबू व गाड्यांच्या सीटची कव्हरे शिवणे, हे मृत्युपत्र स्वतःच्या हाताने लिहीत आहे. माझी बुद्धी ठिकाणावर आहे. माझी बायको रशीदा हिचे याबाबत वेगळे मत आहे, कारण मी ‘सफिना इलेव्हन’ या क्रिकेट संघाचा अठरा वर्षे पाठीराखा आहे. पण कोणी दबाव आणून मला त्या संघाच्या मागे लावले नाही, तसेच हे कागदही कोणाच्या दबावाने लिहीत नाही. येत्या दहा मार्चला मुंबईत माझे बायपासचे ऑपरेशन आहे. डॉक्टर म्हणतात घाबरायचे कारण नाही. सफिनाचा प्रत्येक कप्तान नाणेफेकीनंतर हेच म्हणत आला आहे, म्हणून लिहून ठेवतो.

कलम १. शरीयतप्रमाणे माझ्या मालमत्तेच्या दोन तृतीयांश भागावर माझी मर्जी चालत नाही. तो रशीदा, मुलगी मेहनाज आणि गावचा धाकटा भाऊ यांना ठरल्या हिश्शाने जाईल. उरलेला एक तृतीयांश मी वारसांना सोडून कोणालाही देऊ शकतो. पुढे जे लिहिले आहे ते त्या तिसऱ्या भागातले समजावे. कशाच्या भानगडीत पडू नये म्हणून ही आधीच कबुली.

कलम २. दुकान माझे नाही. पाटी, परवाना सगळे अर्बाबच्या, म्हणजे माझ्या ओमानी मालकाच्या, नावावर आहे आणि तो भला माणूस आहे. शिलाई मशीन, दाभणांचा डबा, मेणाची सुतळी आणि लांब कात्री मात्र माझी आहे. मशीन माझा कारागीर अरमान याला द्यावे. त्याची टीप सरळ येते. कात्री देऊ नये. कात्रीबद्दल कलम ६ पाहावे.

कलम ३. मैदानावर ताडपत्रीखाली असते ती माझी लोखंडी खुर्ची कृष्णकांत आगाशे यांना द्यावी, असे आधी लिहिले होते. ते खोडतो. आगाशे मूळ पुण्याचे, एका कंपनीत हिशेब बघतात आणि नऊ वर्षे सफिनाचे कप्तान आहेत. खुर्ची दिली तर बसून राहतील. तसेही ते स्लिपमध्ये उभ्या उभ्या बसलेलेच असतात. त्यांना मी फक्त सल्ला देऊन जातो: नाणेफेक जिंकलात तर फलंदाजी घ्या. सकाळी दव असते म्हणून फिल्डिंग घेता आणि जुम्माच्या नमाजाआधी सामना संपवायच्या घाईत नंतर आपली माणसे आंधळेपणाने बॅट फिरवतात, हे नऊ वर्षांत तुमच्या लक्षात आले नाही? सल्ला ही मालमत्ता नव्हे, त्यामुळे यावर वारसांनी हरकत घेऊ नये.

कलम ४. संघाविषयी माझे मत नोंदवून ठेवतो, म्हणजे मागे कोणी ‘शरीफचाचा नुसते ओरडायचे’ असे म्हणणार नाही.

सफिना हा टाइल्स आणि सिमेंट विकणाऱ्या एका कंपनीचा संघ. कंपनी इंडिया-पाकिस्तानातून खेळाडू आणते, व्हिसावर ‘सेल्समन’ लिहिते आणि त्यांच्याकडून शुक्रवारी क्रिकेट खेळून घेते. त्यांनी आयुष्यात एक टाइल विकली नसेल, हे मी समजू शकतो. पण खेळायचा पगार घेता तर झेल तरी घ्या! आमचे सलामीचे फलंदाज पाण्याचा जग भरून व्हायच्या आत परत येतात. आमचा यष्टिरक्षक चेंडूला बघून असा बाजूला होतो की जणू मोठे माणूस आले आहे, वाट द्यावी. सात वर्षे आम्ही ब गटात सडतो आहोत. या मोसमात नऊपैकी सहा हरलो.

पण शेवटचे दोन जिंकलो. हे मेहनाजला सांगितले तर ती म्हणाली, “पप्पा, यू से दिस एव्हरी इयर. पुढचं वर्ष आपलं, पुढचं वर्ष आपलं.” म्हणतो खरा. पुढचे वर्ष आपले नसेल असे मानून माणसाने दुकान तरी का उघडावे?

कलम ५. माझ्या मालकीची सर्वांत मोलाची वस्तू म्हणजे खेळपट्टीवरची काथ्याची मॅट. आमच्या मैदानावर गवत नाही, वाळू आणि खडे आहेत. मधे सिमेंटची पट्टी, तिच्यावर ही मॅट ताणून चारी बाजूंनी खिळे ठोकायचे आणि मग खेळायचे. मॅटवरच पांढऱ्या रंगाने रेषा मारलेल्या आहेत. १९८९ साली कंपनीची मॅट चोरीला गेली, तेव्हा मी ही गावाकडून लाँचने मागवली. तेव्हापासून तिची शिवण-टाके, रंग, ताणणे सगळे मी केले. दुसऱ्या कोणाला हात लावू दिला नाही. हा माझा गर्व होता. आता त्या गर्वाचे लिहितो.

कलम ६. कबुली. हे कलम माझ्या मयतीनंतर मैदानावर सर्वांसमोर मोठ्याने वाचावे.

दि. १४ मार्च १९९७, शुक्रवार. अ गटात टिकायचे तर तो सामना जिंकणे भाग होते. शेवटच्या षटकात समोरच्यांना पाच धावा हव्या होत्या आणि त्यांचा एकच गडी उरला होता. चेंडू सादिक मुकादमच्या हातात, रस्त्याकडच्या टोकाने त्या दिवशीचे त्याचे पहिलेच षटक. हा सादिक माझ्या शेजारच्या वाडीचा. समुद्राच्या ओल्या वाळूवर पळून पळून त्याची छाती भात्यासारखी झाली होती. मीच कंपनीला सांगून त्याला व्हिसा काढून दिला होता. सफिनाला मिळालेला एकमेव खरा वेगवान गोलंदाज.

त्याने दुसऱ्याच चेंडूवर दांडी उडवली. आम्ही ओरडत आत धावलो. पाहतो तर पंचाचा हात आडवा. नो-बॉल. पाय रेषेच्या पुढे. पुढच्या चेंडूलाही तेच, त्याच्या पुढच्यालाही तेच. तीन नो-बॉलच्या तीन, चोरट्या दोन, खलास. सफिना ब गटात गेली.

मी त्या पोराला ताडपत्रीखाली येऊ दिले नाही. साठ-सत्तर माणसांसमोर म्हणालो, “विकलास ना रे सामना? कितीला विकलास?” त्याने बूट काढून हातात घेतले आणि अनवाणी चालत रस्त्यापर्यंत गेला. माझे शब्द कंपनीपर्यंत पोहोचले. त्याचा व्हिसा पुढे वाढवला नाही. दुसरा कफील, म्हणजे व्हिसाचा जामीनदार, शोधून तो पुढच्या बरका गावी मासळीचा पिकअप चालवू लागला. त्यानंतर त्याने चेंडू हातात धरला नाही असे ऐकत होतो आणि वाटत होते, बरे झाले.

मग चार वर्षे आमच्या प्रत्येक वेगवान गोलंदाजाचे त्याच टोकाकडून नो-बॉल पडत राहिले. समोरच्यांचेही पडत. पण जिंकणाऱ्याचे नो-बॉल कोणाच्या लक्षात राहतात? लोक म्हणू लागले, त्या टोकाला जिन आहे. मी लिंबूही ठेवून पाहिले.

२००१ साली मॅट पुन्हा शिवायला काढली. रेषा पुसट झाल्या होत्या म्हणून टेप लावली. स्टंपपासून पुढच्या रेषेपर्यंत चार फूट हवेत. निघाले तीन फूट तीन इंच. पुन्हा मोजले. मग टाका ओळखला, कारण असा टाका सीबमध्ये दुसरे कोणी घालत नाही. १९९७ च्या त्या सामन्याच्या आदल्या दिवशी, गुरुवारी, मॅटला तिथे भोक पडले होते म्हणून मी तेवढी वीतभर पट्टी कापून दोन्ही कडा जोडल्या होत्या. शिवण इतकी साफ की मीच स्वतःला शाबासकी दिली होती. रेषा वीतभर मागे सरकली, हे ध्यानातच आले नाही.

ते भोक सादिकच्याच टाचेने पडले होते. वर्षानुवर्षे तो एकाच जागी टाच टेकवायचा, रेषेच्या आत. त्याची हक्काची जागा मी कात्रीने कापून काढली आणि मग त्यालाच चोर ठरवले.

२००१ मध्ये मी काय केले? रेषा गुपचूप चार फुटांवर मारली आणि तोंड शिवून घेतले. नो-बॉल थांबले. लोक म्हणाले, जिन गेला. तीन वर्षे मी ते त्या जिनाच्या नावावर खपवले. सादिक दाऊद मुकादम याने सामना विकला नव्हता. दोष माझा होता. अल्लाह मला माफ करो आणि जमले तर सादिकही.

कलम ७. वरील मॅट मी सादिकला देऊन जातो. कात्री कोणालाही न देता समुद्रात टाकावी.

कलम ८. (हे चार दिवसांनंतर लिहीत आहे.) रशीदाने कागद वाचले. माझ्या नकळत वाचले, पण नवऱ्याच्या कागदांवर बायकोचा हक्क किती यावर शरीयतमध्ये स्पष्ट काही सापडले नाही. तिने कागद माझ्यासमोर ठेवले आणि म्हणाली, “ह्या मेल्यावर वाचायचां? तवा त्याना माफ कोनाला करायचां, कबरीला?”

मेहनाज म्हणाली, “पप्पा, मॅच संपल्यावर अपील चालत नाही ना? तुम्हीच सांगता.”

मला राग आला. खरे ऐकले की मला आधी राग येतो. सोमवारी दुकान अरमानवर सोडून मी बरक्याला गेलो. बरोबर टेप घेतली आणि तो कापलेला तुकडाही. एवढी वर्षे तो माझ्या मशीनच्या पायाखाली टेकू म्हणून होता. मासळीबाजारात सादिक सुरमईच्या पेट्या उतरवत होता. केस पिकायला लागले आहेत. वय एकतीस. मी उभ्या उभ्या सगळे सांगितले आणि तुकडा जमिनीवर ठेवला.

त्याने चप्पल काढली. डावी टाच त्या तुकड्यावर ठेवली. टाच भोकात नीट बसली. 

“सात वर्षं, चाचा,” तो म्हणाला, “मला वाटायचं, माझाच पाय सटकला. झोपेत पण रनअप मोजायचो.” मग आवाज चढला. “आणि तीन वर्षं तुम्हाला माहीत होतं?”

मी हो म्हणालो.

“तुम्ही आता जा,” तो म्हणाला. तुकडा मात्र त्याने परत दिला नाही.

परत येताना मला वाटेत गाडी थांबवावी लागली, छातीमुळे नव्हे. मी रडलो, हे लिहायला लाज वाटत नाही.

कलम ९. (शेवटचे. आज शुक्रवार.) मी मयतीची वाट न पाहता आज सकाळी सरावाच्या वेळी कलम ६ सर्वांसमोर स्वतः वाचले. त्या दिवशी हजर असलेले निम्मे लोक आता ओमानात नाहीत, पण जे होते त्यांनी ऐकले. आगाशे टोपी काढून उभे राहिले. वाचून होईपर्यंत रस्त्याकडेला एक मासळीचा पिकअप येऊन थांबला होता. त्याचा मागचा फाळका उघडाच होता.

सादिक उतरला.  माझ्या हातातली टेप घेऊन त्याने दोन्ही टोकांच्या रेषा मोजल्या. चार फूट. पुन्हा चार फूट. मग चेंडू मागितला. आगाशे पॅड बांधून उभे राहिले, हे त्यांचे नऊ वर्षांतले सर्वांत धाडसी काम. मी पंच म्हणून स्टंपामागे गेलो. धावत येण्याआधी सादिक थांबला आणि म्हणाला, “चाचा, दांडी नका बघू. पाय बघा.”

मी पाय पाहिला. पलीकडे दांडी उडाल्याचा आवाज आला, पोरे ओरडली, आगाशे सवयीने “नो-बॉल!” म्हणाले. मी मान वर केली नाही.

सरावानंतर मी त्याला माफीचे विचारले. “त्याचं बघू,” तो म्हणाला. “आधी ऑपरेशन करून या. पुढच्या सीझनला मॅट कोण ताणणार, आगाशे?”

सबब कलम ७ रद्द. ज्याला काही मिळणार आहे त्याने साक्षीदार म्हणून सही करू नये असे आगाशे सांगतात, आणि मला सादिकची सही हवी आहे. म्हणून मॅट आजच, माझ्या जिवंतपणी, त्याच्या पिकअपमध्ये चढवून दिली. आता तिला सुरमईचा वास येईल, येऊ दे. कात्री समुद्रात टाकू नये. परत आल्यावर लागेल.

मी परत आलो नाही, तर मेहनाजने दर शुक्रवारी जिथे पुरले असेल त्या दिशेला तोंड करून फक्त धावसंख्या सांगावी. हरलो असू तर कशाने, तेही.

वरील मजकूर मी शुद्धीवर असताना लिहिला आहे आणि पंच या नात्याने पुढील एक गोष्ट लिहून देतो, ती कोणत्याही कोर्टात ग्राह्य धरावी: आज सादिक मुकादमचा पाय रेषेच्या आत होता. दि. १४ मार्च १९९७ रोजीही आतच होता.

लिहून देणार: शरीफ हुसेन परकार (सही)

साक्षीदार:
१. कृष्णकांत आगाशे (सही). फिल्डिंगविषयीचा मजकूर मान्य नाही. बाकी मान्य.
२. सादिक दाऊद मुकादम (सही). वाचले. मोजले. बरोबर आहे.

ठिकाण: सीब, ओमान
दिनांक: ५ मार्च २००४, जुम्माच्या नमाजाआधी