कवठी चाफ्याचा शेंडा

माघ शु. १२
उळवीच्या जत्रेला गाडी जुंपली. मला जायचं नव्हतं. सासूबाई म्हणाल्या, "झाड काय पळून जातंय व्हय?" जाऊबाई हसल्या. चूल वेगळी झाली तरी परस एकच, त्यामुळे त्यांची नजर सदा माझ्या कवठी चाफ्यावर. "फूल न्हाई, फळ न्हाई, नुसता पाला." बेळगावहून माझ्या वडिलांनी, अण्णांनी, ओल्या गोणपाटात बांधून दिलेलं कलम. वारा लागू नये म्हणून विहिरीच्या आडोशाला लावलं, जपलं... अण्णा गेले. माहेरचं एवढंच उरलंय. यंदा पहिल्यांदा कळ्या धरल्यात.

माघ व. ४
परतले. झाड बोडकं! नुसतं खोड नि वर पानांचा झुबका. मोठ्या भावजींनी फांद्या राबाला तोडल्या, भाताच्या वाफ्यावर जाळायला. "रानात गार्ड तोडू देत न्हाई. परसात पाला हाय, तोडला. शेंडा राखलाय की!" रानातल्या झाडांचा राखतात तसा. उपकारच झाले. घरी राहिलेल्या बायकोला, जाऊबाईंना, विचारून तोडलं म्हणे. कळ्या दिसल्या नाहीत? डोळे फुटले होते?
हे म्हणतात, "फुटेल परत." यांचं नेहमीचंच.

फाल्गुन शु. ९
त्यांचा राब पेटवला. चाफ्याची जाड पानं धड जळेनात, नुसता धूर. जाऊबाई डोळे चोळत घरी आल्या. बरं वाटलं. खूप बरं वाटलं.

चैत्र व. २
शेंड्यात कळी. एकच. भावजींचा कोयता उचलून माझ्या फडताळात ठेवलाय. बसू देत शोधत.

वैशाख शु. ६
जाऊबाईंच्या तानीला बघायला आज संध्याकाळी खानापूरची माणसं यायचीत. दुपारी जाऊबाई माझ्या दारात. झाड तोडल्यापासून बोलणं नव्हतं. "तेवढं फूल पोरीच्या केसात घालतीस?"
म्हटलं, "नुसता पाला हाय तो."
जाऊबाई खाली बघून म्हणाल्या, "चुकलं माझं." मी सूप घेऊन आत गेले.
तानीनं माझं काय वाईट केलंय? काही नाही. काकू काकू करत असते.
पण एकच आहे. आणि संध्याकाळी उमललं की सकाळी गळूनही जाईल.
दिवे लागले. फूल उमललं, वास त्यांच्या ओसरीपर्यंत गेला असेल. पाहुण्यांची गाडी वाजतेय. जाऊबाई परत येऊन दारात उभ्या आहेत. राहू देत उभ्या.