धरणाखालची घंटा

१४ ऑक्टोबर, मंगळवार. संध्याकाळ.

डोकं अजून तापलेलंच आहे. नात सायली भुताच्या कथा लिहिते, आज एक वाचून दाखवली. शापित गाव धरणात बुडतं आणि अमावास्येला पाण्याखालून देवळाची घंटा वाजते. कसलं बाई हे! या भुताच्या कथा लिहिणाऱ्यांची बुडणारी गावं सगळी एका साच्यातली, धुकं आणि तिरळे म्हातारे. पण हे तर आमचंच गाव, आणि पाण्यात उभी राहून शाप देणारी बाई म्हणजे माझी आई! नावसुद्धा बदललेलं नाही.

"अगं सटवे, घंटा आम्ही बैलगाडीतून आणली. नव्या गावठाणात रोज वाजते, जाऊन ऐक."

घंटा म्हणे पाण्याखाली!

"मग पणजी शेवटच्या दिवशी काय करत होती?"

घर सारवत होती. दारं, वासे सगळं गाडीत भरलेलं, आणि ही नुसत्या भिंतींत बसून शेण फिरवतेय. वडील चिडले, "मासे येणारेत का पाहुणे?" ती म्हणाली, "पारोसं घर कसं सोडू?"

"आजी, यात भीतीदायक काहीच नाही गं."

नाहीच मुळी. भीती दुसऱ्या दिवशी वाटली. नव्या जागी विहिरीवर तिथल्या मूळच्या बायकांनी "धरणवाल्यांनी मागे थांबा" म्हणत आईचा हंडा बाजूला सारला, तेव्हा. तेही सांगितलं तिला.

जरा वेळाने म्हणाली, "पणजीला काढून टाकते कथेतून."

"काढू नकोस. शाप तेवढा काढ."

बोलले ते जास्त झालं का? आत बसून खोडतेय. मघाशी तिथूनच ओरडून विचारलं, "आजी, सारवताना शेणात पाणी किती घालायचं?"