गगन गुहाला अडतीस गुण

६ जानेवारी, रविवार. रात्री ९.
अंक आला! ‘मगज’चा बुद्धी विशेषांक. तीनशे प्रती. सहा महिन्यांची मेहनत. टीव्हीतली आणि चित्रकथांमधली मिळून चाळीस पात्रं, शंभर गुणांची परीक्षा, परीक्षक एकटा मी. निरीक्षण, तर्क, स्मरणशक्ती, प्रसंगावधान, प्रत्येकी पंचवीस. हावडा जिल्ह्यात असं काम याआधी कोणी केलेलं नाही. कोलकात्यातही नसावं. चौकशी केलेली नाही.

मालिकेतली मधली सून पद्मरेणू: ७४. (बायको सुतपा बाजूला बसून गुणपत्रक बघत होती. त्याचा निकालावर परिणाम झालेला नाही.) मुलांच्या कार्टूनमधला पोपट, राजाचा मंत्री: ६१. डिटेक्टिव्ह गगन गुहा: ३८.

गगन गुहा म्हणजे आमच्या अनादिदाचा. अनादिनाथ कुंडू, गल्लीतलं शेवटचं घर. मला थोरल्या भावासारखा. अठरा वर्षं त्याने गगनची चित्रकथा काढली, शिबपूरची पोरं महिन्याच्या अंकासाठी भांडायची. पण परीक्षक म्हटला की नातं बाजूला. शिवाय वैशाख अंकासाठी तो नवी गोष्ट देणार आहे, बत्तीस वर्षांनी पहिलीच. तेव्हा खरं बोलणारा संपादक त्याला आवडेलच.

चहाच्या टपरीवर पहिली प्रत त्याच्या हातात दिली. झोळीत टाकली. सावकाश वाचतो रे, म्हणाला.

८ जानेवारी, मंगळवार.
अनादिदा टपरीवर नाही. कालही नव्हता. वाचलं वाटतं.

१० जानेवारी, गुरुवार.
आजही नाही. पान नऊ, गगनचं, पुन्हा वाचलं. ‘लाल सलूनचं रहस्य’ या गोष्टीत खुनी डावखुरा असतो. गगन दाढीला बसतो. समोरच्या आरशात न्हावी बनमालीच्या डाव्या हातात वस्तरा दिसतो. गगन अर्ध्या दाढीनिशी उठून त्याला पकडतो. जन्मठेप. आता आरशात उजवा हात डावा दिसतो हे शेंबड्या पोरालाही कळतं! मी लिहिलंय, ‘निर्दोष माणसाला तुरुंगात धाडणाऱ्या या गृहस्थापेक्षा पोपट बरा, तो निदान विचारून बोलतो.’

छापील वाचताना जरा लागतंय खरं. लिहिताना सुरेख वाटलं होतं.

उद्या सकाळी ठीक आठला जाऊन माफी मागायची. पक्कं.

११ जानेवारी, शुक्रवार.
माकडटोपी सापडली नाही. एवढ्या थंडीत उघड्या कानांनी माफी मागणं बरं नव्हे.

१३ जानेवारी, रविवार.
झोप नीट नाही. अनादिदाने मला लहानपणी ब्रश धरायला शिकवलं. मी त्याला अडतीस दिले. पास व्हायला चाळीस लागतात, तेवढेही दिले नाहीत. लाज वाटते.

उपाय सुचला: फेरतपासणी. प्रसंगावधानात सहा वाढवता येतात (जळत्या तागाच्या गोदामातून उडी). झाले ४४. स्मरणशक्तीत ओढूनताणून तीन. ४७. पोपट तरीही वर. पोपटाचे कमी करावेत का? तासभर विचार केला. पण त्या बिचाऱ्याने काय केलंय? सोडून दिलं.

उद्या आठला. टोपी सापडली आहे.

१५ जानेवारी, मंगळवार.
संक्रांत. (काल आठला नळाला पाणी आलं.) सुतपाने नव्या गुळाचे, नारळाचं सारण भरलेले पाटिसापटा केले, डबा भरून दिला, म्हणाली अनादिदांना देऊन या, गरम आहेत तोवर. देवच पावला म्हटलं. डबा पुढे करायचा, मग माफी.

दारापर्यंत गेलो. आत टीव्ही चालू होता. माणूस टीव्ही बघत असताना त्याच्या मनाचा कोंडमारा वाढवू नये. घाटावर जाऊन बसलो. विचार करता करता डबा संपला. आठ होते.

सुतपाने विचारलं, आवडले का त्यांना? फार आवडले म्हटलं. बिचारी खूश झाली. आता दोन गुन्हे झाले.

१७ जानेवारी, गुरुवार. दुपार.
बाजारात झुमुर भेटली, अनादिदाची सून. पळायला जागा नव्हती, मागे कोबीची हातगाडी. तीच म्हणाली, ब्रतीनकाका, कुठे आहात तुम्ही, बाबा रोज विचारतात, ब्रतीन एकदाही फिरकला नाही. आठ तारखेला त्यांच्या उजव्या डोळ्यातला मोतीबिंदू काढला, डावा एकोणतीसला. टपरी बंद, वाचन बंद. तुमचा अंक झोळीत तसाच आहे बघा.

तसाच!

म्हणजे त्याने वाचलाच नाही. म्हणजे मी दहा दिवस उगाच झुरलो. सुटल्यासारखं वाटलं. टपरीपर्यंत टिकलं. नंतर राग आला. सहा महिने खपून लिहिलेला लेख दहा दिवस झोळीत?

सुतपाला म्हटलं, डोळ्याचं मला कोणी सांगितलं नाही. ती म्हणाली, सोमवारीच सांगितलं होतं, तुम्ही चुका शोधत बसला होतात, हूं, पान नऊ, म्हणालात. आणि म्हणाली, थांबा, मग संक्रांतीला तुम्ही त्यांच्या घरी गेला होतात ना, तेव्हा दिसली नाही का पट्टी?

रात्री नुसता भात.

१८ जानेवारी, शुक्रवार.
सुतपाचं म्हणणं: झोळीतून अंक गुपचूप काढून आणा, झालं, मिटलं. बायकांना तत्त्व नसतं. अनादिदा महिन्याभराने एकटा बसून वाचेल, तेव्हा त्याला धक्का बसेल. त्यापेक्षा मीच वाचून दाखवावं. योग्य तिथे आवाज हळुवार करता येतो. मग लगेच माफी, म्हणजे सगळं एका बैठकीत. मन हलकं होईल. त्याचंसुद्धा.

सुतपा म्हणाली, तुम्हाला माफी मागायची नाहीये, लेख ऐकवायचाय. पान नऊ एकदा मोठ्याने वाचून बघितलं.

२० जानेवारी, रविवार.
गेलो. अनादिदा काळा चष्मा लावून पलंगावर. मला पाहून केवढा खुलला! झुमुर, ब्रतीन आलाय गं, लाल चहा टाक, मुडी दे त्याला. हात धरून म्हणाला, डॉक्टर म्हणतात, डावा झाला की केसाएवढी रेघ दिसेल, महिन्यात तुझी गोष्ट काढायला घेतो. तेव्हाच उठायला हवं होतं. मुडी आली, तेल-मिरची लावलेले मुरमुरे, म्हणून बसलो.

वाचलं. पाऊण तास. चांगलं वाचलं, हे खोटं कशाला लिहू. पान नऊला आवाज हळुवार केला होता, तो म्हणाला, मोठ्याने वाच, ऐकू येत नाही.

संपल्यावर त्याने एवढंच विचारलं, पोपटाला किती? एकसष्ट, म्हटलं.

मग म्हणाला, आरशाचं बरोबर आहे तुझं. मला छापून आल्यावर कळलं. पुढच्या अंकात सोडवणार होतो बनमालीला, तर मासिकच बंद पडलं. बत्तीस वर्षं आत आहे रे तो. कधीकधी जेवताना आठवतो. नवी गोष्ट तीच होती. गगन म्हातारा झालाय, स्वतः तुरुंगात जातो, बनमालीची माफी मागतो, घेऊन येतो त्याला बाहेर.

चष्मा सारखा केला. म्हणाला, पण तू सोडवलंस त्याला. दोन परिच्छेदांत. बरं झालं.

मी माफी मागितली. तो म्हणाला, अरे माफी कसली, खरंच तर आहे.

२३ जानेवारी, बुधवार.
नेताजी जयंती. गल्लीत सकाळपासून भोंगा. त्यात झुमुर आली, डोळे लाल. बाबांनी दुसरं ऑपरेशन रद्द करायला लावलं. म्हणतात, चहाचा पेला दिसतो, तेवढं पुरे, आता रेघा कुणासाठी काढायच्या? ब्रतीनकाका, तुम्ही काय बोललात त्यांना?

काहीच नाही म्हटलं. वाचून दाखवलं फक्त.

सुतपा रविवारपासून माझ्याशी बोलत नाही. बोलू नयेच. अंकाच्या दोनशे एक्क्याण्णव प्रती पलंगाखाली आहेत, त्यांच्यावर मी झोपतो. एका म्हाताऱ्याचा डोळा घालवला मी. तर्कात पंचवीसपैकी पंचवीस घेऊन.

२४ जानेवारी, गुरुवार.
गेलो. न टोपी, न डबा. सरळ सांगितलं: अनादिदा, मी लिहिलं त्याने कोणी सुटत नाही. नऊ जणांनी अंक घेतला, त्यातले चार छापखान्यातले. बनमाली चित्रात दारातून बाहेर आला पाहिजे, आणि ते तुझ्याच हाताने. अंकासाठी नाही म्हणत. डोळा करून घे. पाया पडतो.

आणि पडलोही. गुडघा दुखला, पण मनापासून पडलो.

त्याने चष्मा काढून माझ्याकडे नीट पाहिलं. चेहऱ्यावर थोडं हसू आलं होतं, मी शपथेवर सांगतो. म्हणाला, आणि काढली गोष्ट, तर किती देशील?

शंभर म्हणायचं होतं. शंभर म्हणायला तोंड उघडलं होतं. पण निघालं ते, आधी बघावी लागेल.

तो म्हणाला, बरोबर आहे. मग झुमुरला हाक मारून टीव्ही लावायला सांगितला. पद्मरेणू खिरीतलं विष वासावरून ओळखत होती. जाहिराती लागेपर्यंत मीही बसलो.

घरी सुतपाने चार दिवसांत पहिल्यांदा तोंड उघडलं. म्हणाली, करताहेत का ऑपरेशन? बोलणी चालू आहेत, असं सांगितलं.