ओढून घेतलेलं दार

ता. ४ जून

चि. धाकट्यास,
अ. उ. आ. वि. वि.

तुझं पत्र आणि तुझ्या सुधारगृहातली विद्यार्थिनी, दोन्ही एकाच दिवशी पोचली. हे गेल्यापासून चार महिने बाइंडिंगचं दुकान मी नावापुरतंच उघडत होते. यांच्या स्टुलावर दुसरं कुणी बसलेलं मला बघवेल असं वाटलं नव्हतं. पण मुलीने पहिल्याच दिवशी पंचवीस वह्या शिवल्या आणि ते स्टूल मीच तिच्याकडे सरकवलं. टाका अगदी यांच्यासारखा. तुला यांनीच शिकवलं, तू तिला शिकवलंस, म्हणून असेल.

ती अबोल आहे, मीही. दिवसभरात दोघींची मिळून दहा वाक्यं होत असतील, त्यातली चार पुठ्ठे चिकटवायच्या सरसाबद्दल. वसतिगृहाची बाई तिला सकाळी दुकानात आणून सोडते, संध्याकाळी घेऊन जाते. जेवायलासुद्धा मी म्हटल्याशिवाय उठत नाही. एवढी शिस्त लहानपणी तुझ्यात असती तर आईचे हात दुखले नसते.

पंधरा दिवसांनी माझा अहवाल जायचा. तो चांगला गेला तर ती बाहेर राहणार, नाहीतर एकवीस पूर्ण होईपर्यंत परत आत. हे तिने पहिल्याच दिवशी सांगितलं. त्यापलीकडे स्वतःबद्दल काही सांगितलं नाही.

तब्येतीला जप, आणि चार ओळी टाकत जा.
तुझी ताई

ता. ८ जून

ती. ताईस,
सा. न. वि. वि.

आईच्या हातांचा विषय काढलास, म्हणजे तू जरा सावरलीस असं धरून चालतो. मार मी खाल्ला हे खरं, पण काच तू फोडली होतीस.

खरं सांगायचं तर माझा जीव टांगणीला लागलाय. आजवर चार मुलांना बाहेर कामाला लावलं आणि चौघांचंही काम महिन्याच्या आत सुटलं. हात एकेकाचा असा की भावोजींनी पाठ थोपटली असती. पण मालकांची तक्रार एकच, पोरं वेळेवर कामाला लागत नाहीत. मी समजावलं, रागावलो, शेवटी त्यांच्या कागदांवर ‘कामाची आस्था नाही’ असा शेरा मारला. ही पाचवी. हिचंही फसलं तर बाहेरची कामं कायमची बंद, असं अधीक्षकांनी बजावलंय.

तिला सांभाळून घे. मला घेत आलीस तसंच.
धाकटा

ता. १३ जून

चि. धाकट्यास,
अ. आ.

मुलगी जिवंत आहे, हे आधी सांगते. घाईत लिहितेय, अक्षर लावून वाच.

दुपारी मी बांधलेली रजिस्टरं पोचवायला गेले. जाताना दार नुसतं ओढून घेतलं. कडी नाही, कुलूप नाही. मागे सरसाच्या शेगडीची वायर जळाली आणि कागदाची कातरण पेटली. तू शिकवलंस ते सगळं तिने केलं. मेन स्विच पाडला, ओलं पोतं टाकलं, गिऱ्हाइकांच्या वह्या उचलून लांब ठेवल्या. आग विझली, पण धूर कोंडला. कागद उडू नयेत म्हणून खिडकी बंदच असते.

शेजारच्या घड्याळवाल्याने धूर पाहून दार लोटलं. दारापासून एक पाऊल आत ती ताठ उभी होती, हात पाठीमागे धरून. ओठ निळे पडलेले. त्याच्या अंगावरच कोसळली.

दवाखान्यात डोळे उघडल्यावर मी विचारलं, अगं वेडे, दार का नाही उघडलंस? तर म्हणाली, बाई, उघडायला कुणी आलंच नाही. आणि वर मलाच विचारते, वह्या भिजल्या नाहीत ना.

हे गेले तेव्हा मला रडता तरी आलं होतं. आज तेही येत नाही. मला एक मरण पुरे झालं. तिला परत घेऊन जा, आणि अहवालात काय लिहू ते कळव.
ताई

ता. १५ जून

ती. ताईस,
सा. न.

तुझं पत्र वर्कशॉपमध्येच वाचलं. वाचून दाराकडे बघितलं.

या दाराची किल्ली अकरा वर्षं माझ्या कमरेला आहे. मुलांनी एक पाऊल मागे उभं राहायचं, हात पाठीशी, आणि दार मी उघडायचं, हा इथला नियम. न्हाणीघरांनासुद्धा दारं नाहीत, पडदे आहेत. मुलगी बारा वर्षांची असताना इथे आली. सहा वर्षांत तिने एकही दार स्वतः उघडलेलं नाही, ताई. मी तिला टाके शिकवले, आग विझवायला शिकवलं, आणि हे माझ्या ध्यानातही आलं नाही.

आज मी दाराचं कुलूप काढलं, दार नुसतं ओढून घेतलं आणि मुलांना म्हटलं, चला, बाहेर व्हा. अठरा जण होते. कुणी हलेना. आमच्यात एक तोंडाळ आहे, त्याला सगळे वकील म्हणतात. तो हळूच म्हणाला, गुरुजी, कशाला चेष्टा करता? कुणीही हसलं नाही.

आता मला त्या चौघांची भीती वाटते. तिघं इथेच आहेत, त्यांना मी विचारीन. चौथा तुझ्या पलीकडच्या गल्लीतल्या खोक्यांच्या कारखान्यात होता. चोरीसाठी पाळत ठेवली म्हणून तो तुरुंगात आहे. त्या मालकाला तू विचारशील का? मला तोंड नाही.
धाकटा

ता. १८ जून

चि. धाकट्यास,
अ. आ.

कारखानदाराला भेटले. माणूस वाईट नाही. त्याने खुर्ची दिली, पंखा लावला. म्हणाला, बाकीचे आत जायचे आणि हा फाटकाबाहेर थांबायचा. फाटक लोटलेलंच असायचं. कुणी धरून ठेवलं तरच आत यायचा, नाहीतर दुपारपर्यंत तिथेच, हात मागे बांधून आत टक लावून. नऊ दिवस बघितलं आणि पोलिसांना बोलावलं.

नेताना तो काही बोलला का, असं मी विचारलं. बोलला म्हणाला. साहेब, मी वेळेवर आलो होतो, एवढंच सांगत होता.

घरी येऊन मी लगेच अहवाल लिहायला बसले.

अहवाल सोबत पाठवते आहे. काम उत्तम, मुलगी माझ्याकडे राहील, असं लिहिलंय. मागच्या पत्रात घेऊन जा म्हटलं, ते विसर. त्याखाली आग, दार, तुझी अकरा वर्षांची किल्ली आणि कारखानदाराचं म्हणणं, सगळं जसंच्या तसं आहे. तुझ्या नोकरीवर येईल हे मला कळतं. हे असते तर त्यांनी शब्द मऊ केले असते. मला ते जमत नाही.

शिकवणाऱ्याच्या सहीची जागा रिकामी आहे. सही कर. एक प्रत अधीक्षकांना दे. दुसरी घेऊन तुरुंगात जा आणि त्या मुलाला वाचून दाखव. चूक त्याची नव्हती, हे त्याला अजून कुणी सांगितलेलं नसेल.

माया आहे म्हणूनच इतकं लिहिलं.
ताई