कोरा पुठ्ठा

अप्पा, तुमचा मोर नव्या मागावर उतरेना. दादानं भवानी पेठेतला तुमचा हातमाग मोडून विजेवरचा आणला आणि त्यावर तुमचीच जुनी माळ चढवली, तुम्ही नक्षीसाठी भोकं पाडलेल्या पुठ्ठ्यांची. माप जुळलं, भोकं जुळली, चादर निघाली; फक्त मोराच्या मानेवर आडवी चीर. प्रत्येक मोराच्या, त्याच जागी. दादा म्हणाला, तीन दिवस बघू, नाहीतर नवी नक्षी घेऊ आणि हे पुठ्ठे बंबात. तुम्हाला अक्षर येत नव्हतं. तुमच्या हातचं लिहिलेलं म्हणावं असं घरात तेवढंच उरलं होतं.

मी शाळेत रजा टाकून मागापाशी बसलो. जन्मभर पोरांकडून शब्दरूपं घोकून घेणाऱ्या संस्कृतच्या मास्तरला बापाची एक ओळ लागेना. जेवण जाईना, दोन दिवस संपले. माग बसवायला आलेला जॉबर म्हणाला, "मास्तर, मशीन बराबर हाय. म्हाताऱ्यानंच हितं चुकीवलंय की." दादानं माझ्याकडं पाहिलं. मी म्हणालो, "व्हय, चुकलंच असंल त्यांचं." घाबरलो की माझं व्याकरण तुमच्यावर जातं.

तिसऱ्या दिवशी काही सुचेना म्हणून एकेक पुठ्ठा बोटांखालून सोडत गेलो. माळेची दोन टोकं जिथं बांधलीत तिथं एक पुठ्ठा लागला, एकही भोक नसलेला. आणि पाठशाळेतून सुट्टीला आलेला मी तुमच्या मागापाशी उभा आहे. "अप्पा, ह्याला भोकं पाडायची राहिली की." तुम्ही धोटा न थांबवता म्हणता, "ह्यो माग गाठीपाशी हिसका देतो, एक घास न चावताच गिळतो. तितं कोंडा घालायचा, दाणा न्हाय. तू आपल्या पोथीतल्या ओळी मोज."

नव्या मागाला हिसकाच नव्हता. तो शहाण्यासारखा कोंडाही चावत होता, तीच मानेवरची चीर. ज्या कारणानं अपवाद केला ते कारण गेलं की अपवादानंही जावं, हे मी दरवर्षी फळ्यावर लिहितो.

तो पुठ्ठा सोडवला, शेजारचे दोन एकमेकांना बांधले. मोर अखंड मानेनं उतरला. दादा म्हणाला, "सापडली म्हणायची अप्पांची चूक." मी मान डोलावली. चूक नव्हती, माग तसा होता, एवढंच सांगायचं होतं. पण मग आधी मी काय बोललो, तेही निघालं असतं.

हे पत्र टाकू कुठं, आणि तुम्हाला वाचून दाखवणार कोण, मीच की. तुमच्या सगळ्या लिखाणातला मला वाचता येतो तेवढा तो कोरा पुठ्ठा माझ्या पिशवीत आहे. दादाला सांगितलंय, बंबात घातला.